सूत आयकतंय

धाकूआबांच्या पडवीत मोठ्यानं बोलायला बंदी होती. देवळात माणसं गप्पा मारतात, कचेरीत मारतात, स्मशानात तर त्यांना विशेष रंग चढतो. पण धाकूआबा सूत कातायला बसले की तिथं चकार शब्द चालत नसे. कुणी पायरीशी येऊन "काय आबा, बरं हाय ना?" म्हणालं, की ते हातातली फिरकी थांबवत, ओठांवर बोट ठेवत आणि आजूबाजूला बघून कुजबुजत, "हळू बोल. सूत आयकतंय."

ही थट्टा नव्हे हं. त्यांचं म्हणणं असं की, धाग्याला पीळ पडत असताना जवळ जे बोललं जाईल ते त्या पिळात अडकून बसतं. मग तो धागा कुणी उकलेपर्यंत ते बोलणं आतच राहतं आणि आपलं काम करीत राहतं. भांडणाच्या आवाजात कातलेल्या सुताचं जाळं मासा धरत नाही. रडत वळलेल्या सुतळीनं पोतं शिवलं तर आतल्या भाताला कुबट वास येतो. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असं आपण माणसांच्या ताठ्याबद्दल म्हणतो. आबा ते सुंभाबद्दलच म्हणायचे.

लग्न होऊन मी रत्नागिरीला आले ती थेट त्यांच्या शेजारात. खाडीकाठच्या आळीत आमचं घर, मध्ये कंबरभर उंचीचा चिऱ्यांचा गडगा, आणि पलीकडे आबा. आमची पहिली भेट मी जन्मात विसरणार नाही. न्हाऊन केस वाळवत मी गडग्याशी उभी होते. पलीकडून एक उंच, वाळकी आकृती आली, माझ्या केसांकडे टक लावून पाहत राहिली आणि म्हणाली, "बरे लांब हायत गो. पीळ धरतील."

मी किंचाळत घरात पळाले. सासूबाई शांतपणे तांदूळ निवडत होत्या. "घाबरू नकोस," त्या म्हणाल्या. "तो माणसाकडे बघतच नाही. त्याच्यातून सूत किती निघेल तेवढं बघतो."

ते खरंच होतं. केळीच्या खोडाचा सोप, अननसाची पात, रानभेंडीची साल, घायपात, अंबाडी, जे म्हणून चिवट आणि लांब असेल त्याचा वाख काढून आबा कातायचे. वाख म्हणजे तो आतला केसासारखा तंतू. आमच्या परड्यातली केळ घड देऊन मोकळी झाली की तिचं सांत्वन करायला हे कोयती घेऊन हजर. कुणी आजारी पडलं की लोक वैद्याकडे पळतात, झाड आडवं झालं की आबांकडे निरोप जायचा.

वाख सुटा व्हायला अंबाडीची ताटं कुजवावी लागतात. ती आबा खाडीच्या चिखलात पुरायचे आणि वर खुंट्या मारून ठेवायचे. भरतीला त्या बुडत, ओहोटीला पुन्हा वर येत. भर दुपारी ते एकटेच गुडघाभर चिखलात उभे राहून काहीतरी लांब, काळं, ओघळणारं बाहेर ओढायचे, तेव्हा नवखा माणूस रस्ता बदलून जाई. आणि वास! सासूबाई म्हणत, "मेल्यावर नरकात जायचं ते जाऊच, पण यानं तो आधीच आणून गडग्यापलीकडे ठेवलाय." त्या वासापायीच त्यांचं आणि आबांचं बोलणं बंद होतं. मी लग्न होऊन यायच्याही आधीपासून. हे लक्षात ठेवा, पुढे त्याला महत्त्व आहे.

ते दिवस चळवळीचे. गावातली खादीची मंडळी एकदा टकळ्या आणि कापसाचे पेळू घेऊन आबांकडे शिकायला आली. पडवीत रांगेनं बसली, आणि हात जरा चालायला लागल्यावर उत्साहानं सरकारच्या नावानं बोटं मोडू लागली. आबांनी कानांवर हात ठेवले. "सरकार जाईल तेव्हा जाईल हो," ते म्हणाले, "पण हे तुम्ही अंगात घालणार ना? शिव्या देत कातलंत तर टोचेल." मंडळी हसली. मग आबा टकळीवरचा धागा कानाशी नेऊन जरा वेळ बसले, आणि त्यांचा चेहरा निवळला. "काय भीती नाय. कापूस हाय. कापूस बहिरा. त्याला काय आयकू जात नाय." त्या दिवसापासून कापसाला ते हात म्हणून लावीनात. बहिऱ्याशी काय बोलायचं?

आबा डावखुरे. सगळं जग धाग्याला एकीकडे पीळ देतं, ते उलटीकडे देत. अख्ख्या जिल्ह्यातले दोर समोर ओतले असते तरी त्यांनी आपला तेवढा वेगळा काढला असता, आणि दुपारी ते नेमकं तेच करत. सकाळी कातायचं आणि दुपारी उकलायचं, असा त्यांचा दिनक्रम. मिरकरवाड्याहून दाऊदभाई नावाचा मासेमार डोक्यावर जुन्या दोरांचं भेंडोळं घेऊन यायचा. तुटलेले, कुजलेले, शेवाळ धरलेले दोर. आबा त्याला बदल्यात नवे दोर द्यायचे. असा व्यवहार करणाऱ्याला आमच्याकडे खुळा म्हणतात.

"आबा, ह्यो बगा. जयगडच्या होडीचा हाय."

आबा पीळ बघत. उजवा असला की बाजूला. डावा असला की त्याचं टोक कानाला लावत, डोळे मिटत. दाऊदभाई मान खाली घालून उभा राही. काही वेळानं आबा मान हलवत. "नाय. ह्यो तो नव्हं." तरीही तो दोर उकलायला बसत. न जाणो, म्हणून.

पडवीच्या आढ्याला दोरांची टोकं लोंबत असत. वारा पडलेला असताना मी ती हलताना पाहिली आहेत. एक हललं की शेजारचं, मग त्याच्या शेजारचं, जसं काही कुणी त्यांच्यामधून चालत गेलं. आमच्या ह्यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "हवेत दमटपणा असतो. अंबाडी तो शोषते, पीळ बदलतो." हे कचेरीत कारकून होते, त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला शेरा तयार असे.

"पण ते शोधतात तरी काय?" मी शेवटी सासूबाईंना विचारलं.

त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. "सदूला."

सदू हा आबांचा एकुलता एक मुलगा. आई लहानपणीच गेलेली. बापानंच वाढवलं आणि बापानंच कातायला शिकवलं. पोरगा उजव्या हाताचा, पण बापाचं बघून शिकला तो डावाच पीळ. मोठा झाल्यावर त्यानं मुंबईच्या सूतगिरणीत जायचं काढलं. म्हणाला, तिथं चात्यांच्या रांगाच्या रांगा आपोआप फिरतात, आणि आवाज इतका की माणसाचं माणसाला ऐकू येत नाही. हे ऐकून आबांचं डोकं फिरलं. ऐकू न येणाऱ्या जागी कातलेलं सूत! ते सूत कातीतच बसले होते. हात न थांबवता ओरडले, "जा! पुन्हा तोंड दाखवू नको!" आणि कातीत राहिले. पोर वळकटी घेऊन बंदरावर गेलं, आगबोटीत बसलं. त्याला आता वर्षं लोटली. ना निरोप, ना सांगावा.

"रागाच्या भरात त्याच सुताचा दोर वळला आणि दुसऱ्या दिवशी बाजारात नेऊन टाकला," सासूबाई म्हणाल्या. "आठवडाभरानं शुद्धीवर आला. तेव्हापासून तो दोर शोधतोय. तो उकलल्याशिवाय सदू येणार नाही म्हणतो. ज्या होडीला तो दोर असेल ती सुद्धा सुटून जाईल म्हणतो. कारण 'जा' म्हटलंय ना त्यात." त्यांनी पुन्हा सूप उचललं. "आणि एक लागलंय त्याच्या मनाला. पोर जाताना 'येतो' सुद्धा म्हणालं नाही."

आपल्याकडे घरातून निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. आबांच्या पडवीत तर त्याचा फारच कडक अंमल होता. एकदा टपालवाला घाईत "जातो आबा" म्हणून निघाला, तर ते त्याच्यामागे पार पिंपळापर्यंत धावले आणि त्याला परत आणून पायरीवर उभा केला. तो बिचारा "येतो, येतो, येतो" म्हणत पळाला, आणि पुढे कित्येक दिवस आमचंही टपाल गडग्यावरून फेकत राहिला. तेव्हा मी पोट धरून हसले होते. सासूबाईंनी हे सांगितल्यावर मला ते हसू आठवलं आणि मी त्यांच्या सुपातले तांदूळ निवडायला बसले.

मला माहेर असं उरलं नव्हतं, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. मुलगी झाली. बारशाला पाळणा टांगायचा तर दोर हवा. सासूबाईंनी माळ्यावरून एक काढला. सासऱ्यांनी केव्हातरी बाजारातून आणलेला, अंबाडीचा, हाताला चांगला भक्कम. कधी वापरला नव्हता, कारण म्हणे तो सरळ म्हणून राहत नसे. सोडला की आपोआप वेटोळं घाली. "पाळण्याच्या वजनानं येईल ताळ्यावर," सासूबाई म्हणाल्या. आढ्याच्या कडीत तो एकच दोर, आणि खाली त्याला पाळण्याच्या चार दोऱ्या. नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या, सगळं यथासांग झालं.

मग ते सुरू झालं. पाळणा पुढे-मागे झुलवावा, तर तो थांबता थांबता हळूच फिरे. फिरून त्याचं डोकं दाराकडे येई, आणि तिथं तो थांबे. मी सरळ करावा, कामाला वळावं, परत बघावं तर पुन्हा दाराकडे. पोर पाळण्यात घातली की रडून आकांत करी. उचलली की गप्प. ह्यांनी दमटपणाचा शेरा मारला. पण थंडीचे दिवस आले, हवा कोरडी खडखडीत झाली, ओठ फुटले, तरी पाळण्याचं फिरणं थांबेना.

एका सकाळी सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन तेल लावत होत्या. मी चुलीपाशी. एकाएकी त्यांचं बोबडं बोलणं थांबलं म्हणून मी बाहेर आले. रिकामा पाळणा फिरत होता. सावकाश, कुणीतरी दोन बोटांनी फिरवावा तसा. दाराकडे तोंड झाल्यावर थांबला, आणि तिथंच थरथरत राहिला.

रिकामा पाळणा हलवू नये, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यावर सासूबाईंच्या तोंडून मी एरवी दहा वेळा बोलणी खाल्ली असती. त्या दिवशी त्यांनी फक्त विचारलं, "तू हलवलास?" मी नकारार्थी मान हलवली. त्या उठल्या, पोरीला माझ्याकडे दिलं आणि त्या दोराच्या अगदी जवळ जाऊन पीळ निरखत उभ्या राहिल्या. मग तशाच तेलकट हातांनी परड्यात गेल्या. इतक्या वर्षांचं मौन सोडून त्यांनी गडग्यावरून हाक मारली, "धाकूभावजी, जरा इकडं या हो."

आबा आले ते हातपाय धुऊन, सदरा घालून आले. उंबऱ्यातच थांबले. दोर त्यांना तिथूनच दिसला. त्यांनी पीळ पाहिला आणि चौकटीला हात टेकला.

"वहिनी, ह्यो कधीपासून तुमच्याकडं?"

"पहिल्यापासून," सासूबाई म्हणाल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्यांच्या जिभेवर आली असणार. पण बोलल्या नाहीत.

आबांनी पाळण्याजवळ जाऊन दोराला कान लावला. डोळे मिटले. मी त्यांना शेकडो वेळा तसं करताना पाहिलं होतं आणि दर वेळी ती मान नकारात हलली होती. या वेळी ती हललीच नाही. चेहऱ्यावरचं रक्त मात्र उतरत गेलं. मग ते माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाले, "सूनबाय, पोरीला लांब ने. तिनं आयकायला नको."

मी पोरीला घेऊन परड्याच्या टोकाला जायला हवं होतं. मी माजघराच्या दारामागं थांबले. माझा स्वभावच तसा आहे, त्याला इलाज नाही.

आबांनी दोर सोडवला आणि ओटीवर बसून उकलायला घेतला. ज्या टोकापासून वळला होता त्याच टोकापासून. पेड सुटे झाले, पेडांतलं सूत सुटं झालं. रागात पीळ अतोनात पडलेला; सोडलेला धागा जमिनीवर गपगार पडेना. तो वळवळत, स्वतःभोवती गुंडाळत दाराच्या दिशेनं सरकत होता. एक वेढा आबांच्या मनगटावर चढला, तो त्यांनी सोडवला नाही. ते पुटपुटत होते, "माझंच... होय, माझंच हाय." मला काही ऐकू आलं का, असं मुली मला अजून विचारतात. कुणीतरी घसा खाकरावा तसा कोरडा आवाज आला, एवढं मी शपथेवर सांगेन. पोरगी माझ्या खांद्यावर होती. तिनं मान उचलून ओटीकडे पाहिलं आणि ती मुळीच रडली नाही.

शेवटचा हातभर धागा उरला आणि आबा थबकले. पुन्हा कानाला लावला. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या सासूबाईंना राहवेना. "काय झालं भावजी?"

"माझं बोलणं इथं संपलं," आबा म्हणाले. "ह्ये पुढचं माझं नाय."

"मग कुणाचं?"

आबांनी वर पाहिलं. एवढा म्हातारा माणूस इतक्या उघड्या तोंडानं रडताना मी पाहिला नव्हता. "'येतो बाबा' म्हणालावता तो, वहिनी. दारात उभा ऱ्हावून म्हणाला. मीच आयकलं नाय. सुतानं आयकलं."

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला नाही, उलट ताठ होऊन एखाद्याला दटावावं तशा म्हणाल्या, "मग येईल तो. म्हणालाय ना?"

तो हातभर धागा आबांनी उकलला नाही. मनगटाला बांधून घेतला. बाकीचा उकललेला वाख ओटीवर पडला होता, कुणाच्या तरी पिकलेल्या केसांसारखा, अगदी निमूट.

पाळण्याला नवा दोर त्यांनी आमच्याच ओटीवर बसून वळला. आणि काय सांगू, त्या दिवशी पहिल्यांदा ते म्हणाले, "बोला गो, बोला. गप काय बसलाव?" आम्ही दोघी भांबावलो. बोला म्हटलं की काय बोलायचं ते सुचतच नाही. शेवटी सासूबाईंनी पन्ह्याची कृती सांगितली आणि मी ह्यांची नक्कल करून दाखवली. त्या दोराच्या पाळण्यात माझी पुढची तीन मुलं वाढली. सगळीच बडबडी निघाली, आणि सगळीच खादाड.

त्यानंतर आबांची पडवी बदलली. उकलणं बंद झालं. दाऊदभाईला तो जुन्या दोरांचा सौदा बंद झाल्याचं मनापासून वाईट वाटलं. आता आबा कातताना सतत बोलायचे, सुताशी. फणस किती लागले, वहिनी आता कशा बोलतात, कुठली खुंटी भरतीनं उपटून नेली. आणि कुणी मुंबईला निघालं की त्याच्या दारात जाऊन वळकटीला बांधायला दोर द्यायचे. आमच्या आळीतून आगबोटीत चढलेली एकही वळकटी आबांच्या दोराशिवाय गेली नसेल.

माझा धाकटा दीर मुंबईला निघाला तेव्हा मी आबांना विचारलं, "काय बोललात हो ह्याच्यात?"

"हळू बोल गो," ते म्हणाले. मग स्वतःच कुजबुजले, "दार नुसतं लोटलेलं हाय. कडी नाय घातलेली. एवढंच."

दोर जात राहिले. असे कितीतरी पावसाळे गेले. मनगटावरचा धागा काळा पडला, आबांची पाठ वाकली. मला वाटू लागलं होतं की मुंबईसारख्या गलबल्याच्या शहरात एका वळकटीच्या दोराचं कोण ऐकणार?

मग दाऊदभाई मुंबईला आपल्या बहिणीकडे जाऊन आला. बंदरावरून तो घरी न जाता थेट आमच्या आळीत आला, खांद्यावर वळकटी घेऊन. मी गडग्याशीच होते. "आबा," तो म्हणाला, "तुमचा दोर ग्येला. गिरणगावात रस्त्याच्या कडेला वळकटी ठेवून वायच चाय प्यायला ग्येलो, तर कोणीतरी सोडून नेला. पण चोर बरा म्हणायचा. बदली दुसरा बांधून ग्येला."

वळकटीला एक पांढरी दोरी होती. गिरणीत वाया जाणाऱ्या कापसाच्या धाग्यांची, हातानं वळलेली. आबांनी ती उन्हात धरली. मलाही गडग्यावरून दिसलं. पीळ डावा होता.

दाऊदभाई नेहमीसारखा मान खाली घालून उभा राहिला. आबांनी दोरी सोडवली, टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. बराच वेळ गेला. माझी जीभ गप्प बसली नाही. "आबा, कापूस बहिरा ना हो?"

"बहिरा हाय," आबा डोळे न उघडता म्हणाले. "पण मुका नाय."

संध्याकाळी ते गडग्याशी आले आणि सासूबाईंकडे तांदूळ मागितले. दोन माणसांपुरते. सासूबाईंनी टोमणा मारला नाही, कोण येणार म्हणून विचारलंही नाही. नवे तांदूळ काढले, आणि वर दोन सुके बांगडे ठेवून दिले.